नऊ वाजता, म्हणजे तीनला

पूर्व आफ्रिकेतल्या इरिंगा शहराच्या किहेसा भागात राहणारे तार्सिसिओ किह्वेले मास्तर भौतिकशास्त्राचे शिक्षक असल्यामुळे कोणत्याही गोष्टीवर पुराव्यावाचून विश्वास ठेवत नसत. या नियमाला एकच अपवाद होता. सँडपायपरची पुढची आवृत्ती मागच्या आवृत्तीपेक्षा चांगली असेल, यावर त्यांची निस्सीम श्रद्धा होती. आणि श्रद्धेला पुरावा लागत नाही हे ज्ञात सत्य आहे.

सँडपायपर हा ब्राउझर. शहाणी माणसे इंटरनेट पाहण्यासाठी जे तीनचार बडे ब्राउझर वापरतात, त्यांत याची गणना होत नाही. वेगवेगळ्या देशांतले अकरा हौशी लोक तो फावल्या वेळात घडवत, आणि कुठल्याशा बर्फाळ देशातल्या ओडाबाई त्यांच्या म्होरक्या होत्या. चिन्ह म्हणून एक चिमुकला पाणपक्षी होता, एका पायावर उभा. मास्तरांचा संगणक चौदा वर्षांचा. बडा ब्राउझर उघडला की त्याला धाप लागे. सँडपायपर मात्र त्याच्यावर टुणटुण चाले. इथपर्यंतचे सारे कोणत्याही काटकसरी गृहस्थाला शोभणारे होते. परंतु दर शुक्रवारी त्याची एक ‘चाचणी आवृत्ती’ निघे. ती बेभरवशाची असते, महत्त्वाच्या कामाला वापरू नये, दोष आढळल्यास कळवावेत, अशी स्पष्ट सूचना तिच्यासोबत येई. मास्तरांनी या सूचनेतला फक्त शेवटचा तृतीयांश मनावर घेतला होता.

तीन वर्षांत त्यांनी दोनशे चौदा दोष कळवले होते. प्रत्येकाची नोंद हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत होती : दिनांक, आवृत्ती, खोलीचे तापमान. तापमानाचा दोषांशी संबंध अद्याप सिद्ध झालेला नव्हता, पण तो नाही असेही सिद्ध झालेले नव्हते. यांपैकी एकशे नव्वद दोषांना ‘आमच्याकडे असे होत नाही’ एवढेच उत्तर आले होते. हे उत्तर देणारी माणसे इरिंगात राहत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ, असे मास्तर मानत.

त्यांच्या पत्नी स्कोलास्तिका म्देगेला. थोरल्या मुलीच्या नावावरून सारी आळी त्यांना फराजाची आई म्हणे. दवाखान्यात त्या एकोणीस वर्षे मदतनीस होत्या. जखमा धुणे, सुया देणे, गावाहून बैलगाडीत आलेल्या बाईचे बाळंतपण डॉक्टर येण्याआधी उरकणे, हे सारे त्या करत; कागदावर मात्र त्या फरशी पुसत असत. नर्सिंग कॉलेजात अशा मदतनिसांना नर्स करणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. त्यात त्यांना दोनदा नकार मिळाला होता. वयाची अट पंचेचाळीस, आणि त्यांचे पंचेचाळिसावे चालू. म्हणजे हा अर्ज शेवटचा.

“फराजाचे बाबा,” अर्ज भरायच्या दिवशी त्या म्हणाल्या, “माझं काम होईपर्यंत त्या पाखराला हात लावायचा नाही. नवीन नको, जुनं नको, काही नको.”

“शब्द दिला,” मास्तर म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला हे इथे नमूद केले पाहिजे. त्यांनी हात लावला नाही. पाखरू स्वतःहूनच बदलत असे. नवी आवृत्ती रात्रीतून आपोआप उतरेल अशी कळ त्यांनी फार पूर्वी दाबून ठेवली होती. दिलेला शब्द पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही, असा यावर त्यांचा युक्तिवाद होता, पण तो ऐकून घेणारे घरात कोणी नव्हते.

अर्ज गेला. क्रमांक मिळाला एकशे अठरा. दोन दिवसांनी एकतिसावी चाचणी आवृत्ती आली. संगणक अचानक बंद पडला तर आधीची पाने पुन्हा उघडून द्यायची, ही तिची सुधारणा. त्या संध्याकाळी वीज गेली, आली, आणि सँडपायपरने निष्ठेने सगळी पाने पुन्हा उघडली. एवढ्यावर न थांबता त्यांतले जे पान भरून पाठवले होते ते त्याने पुन्हा पाठवले. पडद्यावर अक्षरे उमटली : अर्ज मिळाला, क्रमांक एकशे अडुसष्ट.

“म्हणजे आता मी दोन झाले?” फराजाच्या आईंनी विचारले.

“तांत्रिकदृष्ट्या.”

“एक स्वयंपाक करेल, दुसरी तुमच्याशी बोलेल. मी माहेरी जाते.”

शेजारचे न्येंझाबाबा कुंपणावर कोपर टेकून ऐकत होते. ते तार ऑफिसातून निवृत्त झालेले. तार बंद होऊन जमाना लोटला तरी तारेचा अभिमान बंद झालेला नव्हता.

“मास्तर, तुझ्या या पेटीत एक खोट आहे,” ते म्हणाले. “आमच्या वेळी मजकूर पाठवला की पलीकडचा तो पहिल्यापासून परत म्हणून दाखवायचा. परत म्हणून दाखवल्याशिवाय तार गेली असं आम्ही धरतच नव्हतो. तुझं पाखरू परत म्हणून दाखवतं का?”

“बाबा, आता यंत्रं चूक करत नाहीत. झाली तर तिची तपासणी आपोआप होते.”

“तेच तर. बायको दोन झाली ती आपोआपच ना?”

न्येंझाबाबांनी लगोलग तीन सल्ले दिले. पहिला, गप्प बसावे. दुसरा, कॉलेजात जाऊन सांगावे. तिसरा, संध्याकाळी उलांझीचा एक पेला घ्यावा. बांबूची ती वारुणी बुद्धीला धार लावते. मास्तरांनी दुसरा सल्ला घेतला. तिन्हींतला सर्वांत वाईट तो होता, हे मागाहून कळले.

कॉलेजच्या कचेरीत न्देल्वा नावाचे कारकून होते. अत्यंत सौम्य माणूस. त्यांनी सगळे ऐकून घेतले, ‘पोले’ म्हणून हळहळ व्यक्त केली आणि म्हणाले, “रद्द करायला काहीच हरकत नाही. फक्त एकशे अठरा आणि एकशे अडुसष्ट या एकच बाई आहेत, असा मोहल्ल्याच्या अध्यक्षांचा दाखला लागेल.”

“नाव एक, जन्मतारीख एक, फोटो एक!”

“मास्तर, फोटो तर जुळ्यांचाही एकच दिसतो.”

या विधानात तर्कदोष शोधत मास्तर मोहल्ल्याच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांचे म्हणणे असे की, माणूस राहतो, माणूस वारला, माणसाची वागणूक चांगली आहे, असे दाखले त्यांनी ढिगाने दिले होते. माणूस एक आहे असा मागायला आजवर कोणी आलेले नव्हते. नमुना नसल्यामुळे दोन साक्षीदार लागले. न्येंझाबाबांनी साक्ष दिली की, एकवीस वर्षांत फराजाची आई त्यांना कुंपणापलीकडे एका वेळी एकाच ठिकाणी दिसली आहे. अखेर गोल शिक्क्याचा कागद तयार झाला :

‘दाखला देण्यात येतो की, श्रीमती स्कोलास्तिका म्देगेला गेली एकवीस वर्षे या मोहल्ल्यात राहत असून, माझ्या माहितीप्रमाणे या संपूर्ण काळात त्या एकच व्यक्ती आहेत.’

न्देल्वांनी तो वाचला, समाधानाने मान हलवली, फाइलला टाचला आणि म्हणाले, “झालं काम.” काम झाले म्हणजे नेमके काय झाले, हे विचारण्याचे मास्तरांना सुचले नाही. शिक्का पाहिला की प्रश्न संपतात, ही दुर्बलता विज्ञानाच्या पदवीधरांतही आढळते.

याच सुमारास मास्तरांच्या आयुष्यातला परमोच्च क्षण आला, आणि तो समजायला घड्याळाविषयी थोडे बोलणे भाग आहे.

इरिंगात बोलण्यातला दिवस सूर्याबरोबर उगवतो. उजाडून एक तास झाला की एक वाजतो. त्या वेळी मनगटावरचे घड्याळ आणि सरकारी कागद सात म्हणत असतात, पण त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही; डोळे सात वाचतात आणि तोंड ‘एक’ म्हणते. कागदावर नऊ असले की माणसे तीन वाजता भेटतात. कागदावर दुपारचे तीन असले की नऊ वाजता. हा सहा तासांचा हिशेब कोणी करत नाही, तो होतो. श्वास घ्यावा तसा.

मास्तरांच्या शास्त्रीय मनाला हा खड्डा खुपत असे. सूचना क्रमांक सत्त्याण्णवमध्ये त्यांनी ओडाबाईंना लिहिले होते की, ब्राउझरने पानावरची वेळ स्थानिक बोलीच्या घड्याळात बदलून दाखवावी. नऊच्या जागी तीन लिहावेत. दीड वर्ष काही घडले नाही. आणि बत्तिसाव्या चाचणी आवृत्तीच्या माहितीपत्रकात, चौदाव्या ओळीत, अवतरले : ‘पूर्व आफ्रिकी वेळ दाखवण्याची सोय. सुचवणारे : टी. किह्वेले, इरिंगा.’

मास्तरांनी ते पान छापून आणले. शिक्षकांच्या खोलीत लावले. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून, घालून ते वाचले आणि विचारले, “पगार देतात का?” हा प्रश्न मास्तरांना लागला, पण गॅलिलिओलाही घरचे हेच विचारत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मग, दिलेला शब्द आवृत्त्यांपुरताच होता असे मानून, त्यांनी ती सोय सुरू करून तपासली. अकरा पाने पाहिली. एकाही पानावर वेळ तसूभर हलली नाही. वहीत नोंद झाली : ‘सोय निष्प्रभ. तापमान सतरा.’ दोषाची माहिती बर्फाळ देशाकडे रवाना झाली. ‘पाहतो,’ असे उत्तर आले. मास्तर हिरमुसले आणि सोय बंद करायला विसरले. निष्प्रभ वस्तू बंद कशाला करायची?

पुढच्या शुक्रवारी रात्री तेहतिसावी आवृत्ती आली, आणि ओडाबाईंनी खरोखरच पाहिले होते.

शनिवारी मुलाखतींच्या वेळा लागल्या. मास्तरांनी कॉलेजचे पान उघडले. एकशे अठरा : बुधवार, ३:००.

डोळ्यांनी तीन वाचले. तीन म्हणजे पहाटेचे किंवा दुपारचे. पहाटे तीनला मुलाखत घेणारी संस्था भूतलावर नाही, म्हणून दुपारचे. अनुमान निर्दोष होते. तोंड आपल्या जागी कामाला लागलेच होते :

“फराजाची आई! बुधवारी नऊ वाजता!”

“नक्की? दुपारी नऊला?”

“लिहिलंय इथं.”

“एकदा परत बघा हो.”

“वाचलेलं पुन्हा वाचायचं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायचा.”

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हे ते दर वर्षी नववीच्या वर्गाला प्रकाशाचे वक्रीभवन शिकवताना सांगत. पण ते शाळेत.

बुधवारी फराजाच्या आईंनी सकाळची पाळी केली. घरी येऊन निळ्या कापडाचा, इस्त्रीची घडी न मोडलेला पोशाख चढवला, डोक्याला तेच कापड बांधले. दोघे बजाजीत बसले. रिक्षावाल्याने आरशातून विचारले, “मावशी, लग्नाला का?” “लग्न झालंय,” फराजाच्या आई म्हणाल्या, “त्यावरचा उपाय शोधायला चालले.” चेष्टा करत होत्या, पण मास्तरांनी पाहिले की त्यांच्या मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून होते.

कॉलेजच्या दारावर यादी चिकटवली होती. कागदाची यादी, तिला कोणतीही आवृत्ती नसते.

एकशे अठरा. नऊ वाजता, सकाळी. पुढे लाल शाईत : तीनदा पुकारले, गैरहजर.

मास्तरांनी ती ओळ वाचली आणि मनातल्या फळ्यावर सारे समीकरण क्षणात सुटले. कॉलेजने लिहिले नऊ. पाखराने सहा वजा करून दाखवले तीन. आणि आधीच वजा केलेल्या आकड्यावर मास्तरांनी, बापजाद्यांच्या सवयीने, पुन्हा तेच गणित केले. सोय चालत होती. सूचना क्रमांक सत्त्याण्णव यशस्वी झाली होती. आपले यश इतके स्वच्छ त्यांना यापूर्वी कधी दिसले नव्हते.

“स्कोला,” ते म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. “सकाळी होती. पाखरानं सहा तास आधीच वजा केले होते, मी पुन्हा केले. माझ्यामुळे गेली.”

फराजाच्या आईंनी यादीकडे पाहिले. डोक्याचे कापड त्यांनी सोडायला घेतले, गाठ अर्धी सुटली, तोच व्हरांड्यातून न्देल्वांचा सौम्य आवाज आला :

“एकशे अडुसष्ट! दुपारची वेळ! एकशे अडुसष्ट कोण?”

मास्तरांचे डोळे यादीच्या तळाशी गेले. शेवटची ओळ. एकशे अडुसष्ट, म्देगेला स्कोलास्तिका, दुपारी तीन. दाखला टाचला गेला होता. अर्ज रद्द झालेला नव्हता.

“न्देल्वासाहेब,” मास्तरांनी बोट वर केले, “तो क्रमांक ही वस्तुतः एक चूक...”

त्यांच्या बुटावर टाच पडली. दवाखान्यात एकोणीस वर्षे उभ्याने काम केलेली टाच.

“मी,” फराजाच्या आई म्हणाल्या. गाठ पुन्हा बांधून त्या आत गेल्या.

खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या. मास्तर तिच्याखाली बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. आत लुहांगाबाई अध्यक्ष होत्या, जुन्या मेट्रन. त्यांच्या नावाने इरिंगातले तापसुद्धा उतरत, असे म्हणत.

“एकशे अडुसष्ट,” लुहांगाबाईंनी कागद चाळले. “सकाळी याच नावाची एकशे अठरा आली नाही. बहीण का तुमची?”

“नाही बाई. ती मीच.”

“मग या फाइलीत हे काय आहे? ‘या संपूर्ण काळात त्या एकच व्यक्ती आहेत.’” कोणीतरी खोकल्याचा आव आणून हसले. “मी चाळीस वर्षं नोकरी केली. असा कागद पाहिला नव्हता. आणि खिडकीखाली नाडी बांधणारे कोण आहेत? पाच मिनिटं झाली, बुटाला किती नाड्या आहेत? आत या.”

मास्तर आत गेले. फराजाच्या आईंनी पाखरू, वीज, दाखला आणि नऊ-तीनचा घोळ, सगळे सांगितले. सरळ, काही न लपवता. मास्तर दोनदा तांत्रिक दुरुस्ती करायला सरसावले. दोनदा त्यांच्याकडे फक्त पाहिले गेले.

लुहांगाबाईंनी चष्मा खाली ठेवला. “ठीक. मग यावरच विचारते. पेशंट गावाकडचा. गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलंय, आठ आणि आठ. तुम्ही काय सांगाल?”

“वाजले किती ते सांगतच नाही, बाई.”

“म्हणजे?”

“आठ सांगितलं तर तो आठ वाजता घेईल, म्हणजे घड्याळातल्या दुपारी दोनला. दोन सांगितलं तर घरी शाळकरी मुलगा पाकीट वाचून म्हणेल, नर्सबाई चुकल्या, आठच आहे. दोघं मिळून तिसरीच वेळ काढतात. आमच्याकडे एका आजोबांनी अशानं साखरेच्या आजाराची गोळी उपाशीपोटी घेतली, चक्कर येऊन पडले. तेव्हापासून मी विचारते, सकाळचा चहा घेता ना? मग चहासोबत एक. रात्री उगाली खाता ना? खाऊन झालं की हात धुवायच्या आधी दुसरी. आणि मग त्यांना म्हणते, आता तुम्ही मला परत सांगा. त्यांनी परत सांगितल्याशिवाय पाकीट हातात देत नाही.”

आत बसलेल्यांपैकी एकाने हे लिहून घेतले.

“मग आज काय झालं?” लुहांगाबाईंनी विचारले.

“आज पेशंट घरचा होता,” फराजाच्या आई म्हणाल्या. “त्याला परत सांगायला लावलं नाही. ती चूक माझी.”

लुहांगाबाईंनी मास्तरांकडे पाहिले. पेशंट असल्याचा आरोप मास्तरांवर आयुष्यात प्रथमच झाला होता.

परतताना बजाजीत फराजाच्या आई म्हणाल्या, “घेतील की नाही कोण जाणे. पण मनातलं बोलले आज.” मग वस्ती लागेपर्यंत हसत राहिल्या. मास्तरही हसले, मात्र थोडे मागाहून, खातरजमा करून.

त्या संध्याकाळी हिरव्या वहीत दोष क्रमांक दोनशे सोळा नोंदला गेला. तो फराजाच्या आईंनी सांगितला आणि मास्तरांनी उतरवून घेतला : ‘सोय उत्तम चालते. म्हणूनच काढून टाकावी. आमची माणसे आकडा वाचत नाहीत, बदलतात. तुम्हीही बदललात तर दोनदा बदलतो.’ तापमान लिहायचे राहून गेले. चौथ्या दिवशी ओडाबाईंचे उत्तर आले : ‘हे आमच्याकडेही होऊ शकेल असे प्रथमच वाटले. दोन्ही वेळा शेजारी शेजारी दाखवू.’ चौतिसाव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात ओळ होती : ‘सुधारणा सुचवणाऱ्या : एस. म्देगेला.’ हे पान मास्तरांनी शाळेत लावले नाही, स्वयंपाकघरात लावले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. कॉलेजने एकाच दिवशी दोन पत्रे पाठवली. पहिले एकशे अठराला : गैरहजेरीमुळे विचार होऊ शकत नाही. दुसरे एकशे अडुसष्टला : निवड झाली आहे.

न्येंझाबाबा कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, “बघ, एकीला नाकारलं आणि एकीला घेतलं. आता अध्यक्षांकडून आणखी एक दाखला आण, की जिला घेतलं तीच घरी राहते.”

“बाबा, उलांझी पाठवून देते,” फराजाच्या आई म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांनी पत्राचा कोरा भाग वापरला, आणि मग ते पत्र त्यांनी नवऱ्यापुढे धरले. “हजर व्हायची वेळ लिहिलीय. वाचा.”

मास्तरांनी वाचले. कागद होता, पडदा नव्हता. तरी त्यांनी पुन्हा वाचले. तोंड उघडणार तोच त्यांनी ते मिटले.

“पहिल्या सोमवारी,” ते सावकाश म्हणाले, “सकाळचा चहा झाल्यावर. माझ्या शाळेची घंटा व्हायच्या आधी.”

“आता परत सांगा.”

त्यांनी परत सांगितले. कुंपणापलीकडे न्येंझाबाबांनी, तार पोचली की करत तसा, बोटाने लाकडावर एक ठोका दिला.